हलका चाप

सत्तरच्या दशकात मी नागपुरात बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात कारागीर होतो. हाताला वळण होतं आणि तोंडाला त्याहून जास्त. उस्तादांना दोन दिवस लागतात ते काम मी अर्ध्या दिवसात करतो, हे मी भेटेल त्याला सांगत असे.

खापा गावाकडच्या एक बाई रिव्हॉल्व्हर घेऊन आल्या, तेव्हा उस्ताद गावाला गेले होते. नवऱ्याच्या माघारी बाई शेतातल्या घरात राहत, सोबतीला फक्त एक सालदार. नागपुरातला मुलगा सारखा मागे लागायचा, शेत विका आणि इकडे या. बाईंना यायचं नव्हतं. नवऱ्याचं रिव्हॉल्व्हर लायसनसकट त्यांच्या नावावर झालं होतं, पण संधिवाताने बोटं वाकलेली, आणि चाप इतका जड की माझंही बोट दुखावं.

"मले ओढता आला पाहिजे गा," त्या म्हणाल्या. "तेवढं झालं का मी कोनाच्या बापाले भेत नाही."

उस्तादांची पद्धत ठरलेली होती. आधी आतले एकमेकांवर घासणारे भाग दगडावर गुळगुळीत करायचे. स्प्रिंगला हात सगळ्यात शेवटी, तोही जपून. मग गिऱ्हाइकाकडूनच एक काडतूस मागून मागच्या अंगणातल्या रेतीच्या पेटीत उडवून पाहायचं. मी थेट काडतुसावर आदळणाऱ्या घोड्याची स्प्रिंग काढली आणि कानशीने घासून पातळ केली. बाई बर्डीवरून बाजार करून येईपर्यंत चाप लोण्यासारखा झाला होता.

काडतूस उडवायची वेळ आली, तेव्हा मला उदारपणाचा झटका आला. लायसनवर काडतुसं मिळत ती मोजकीच. "राहू द्या बाई, काहून एक वाया घालवता?" बाईंनी रिकाम्या रिव्हॉल्व्हरचाच चाप आठ-दहा वेळा ओढला. टक, टक. आनंदाने त्यांना हसू आवरेना. मी पण फुगलो.

दोन-अडीच महिन्यांनी त्या परत आल्या. अंगणात पिसाळलेलं कुत्रं शिरलं होतं. बाईंनी नेम धरून दोनदा चाप ओढला. दोन्ही वेळा नुसतं टक झालं. कुत्र्याने सालदाराची पोटरी फोडली, मग त्यानेच काठीने ते मारलं. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायला त्याला नागपुरात आणलं होतं.

बाईंनी रुमालातून ती दोन काडतुसं काढून माझ्या हातावर ठेवली. बार उडायचा तर घोड्याने काडतुसाच्या टोपीत चांगला खड्डा पाडायला हवा. इथे नखाने दाबावं तेवढी खूण होती. पातळ केलेल्या स्प्रिंगमध्ये तेवढा जोरच उरला नव्हता. मला एका क्षणात सगळं कळलं आणि मी मूठ मिटली, कारण उस्ताद पलीकडच्या बाकावर बसले होते.

"मीच पुरा ओढला नसन," बाई म्हणाल्या. "खरं सांग गा बाप्पा. बोटच गेलं ना माहं? तसं असन तं पोराकडेच जावं लागन."

एक वाक्य बोलायचं होतं. बाई, चूक माझी आहे, तुमचं बोट ठीक आहे. त्या उस्तादांसमोर मला शिव्या देत नवी स्प्रिंग बसवून घेतील आणि आपल्या घरी जातील, हेही मला ठाऊक होतं.

"वय झालं बाई," मी म्हणालो. "होते असं."

त्यांनी मान हलवली. रिव्हॉल्व्हर दुकानात जमा केलं. दुसऱ्या दिवशी उस्ताद जेवायला गेलेले पाहून मी चोरासारखी नवी स्प्रिंग बसवली. शेत त्या उन्हाळ्यात विकलं गेल्याचं पुढे कानावर आलं. आजही ते आठवलं की मला स्वतःची किळस येते. त्या दिवशी पायरी उतरता उतरता बाई थांबल्या होत्या, माझा पडलेला चेहरा बघून. मलाच धीर देत म्हणाल्या, "तू काहून मनाले लावून घेतं गा? तुनं तं चांगलंच करून देलं होतं."