भोगीच्या आगीतली वही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. टायर जळाल्याचा वास आला की वीस वर्षांपूर्वीची चेन्नईतली भोगीची सकाळ आठवते. तिथल्या रिवाजाप्रमाणे दारात टायरांसकट जुनं सामान पेटवलं होतं, पोरं ढोलकी बडवत होती, आणि वहिनीने काढून ठेवलेल्या रद्दीबरोबर मी शेजारीच ठेवलेली आईची तंजावरहून आणलेली गाण्यांची वहीही न बघता आगीत टाकली. पानं पेटल्यावर अक्षर ओळखलं. “कुणी जाळली रे?” आईने विचारलं. “रद्दी वहिनीने काढली होती,” एवढीच काडी मी टाकली. “माहेरची तेवढीच खूण होती गं, तीही खुपली तुला?” आई वहिनीवर भडकली. वहिनी माझ्याकडे बघत गप्प राहिली. महिनाभर घर धुमसलं, मग दादा-वहिनी वेगळे झाले. आई तो राग घेऊनच गेली. वहिनी आजही पोंगलला माझ्यासाठी गोडाचा डबा पाठवते. तिची माफी मागायची अजून राहिली आहे.