रिलीव्हर आल्याशिवाय

ठवकर काकांनी माझं केलेलं पहिलं आणि शेवटचं कौतुक असं होतं, "तू खराबच करते, पन टायमावर येऊन खराब करते." भिलाईच्या आमच्या मराठी मंडळात याहून मोठी पदवी कुणाला मिळाली नाही. काका इथल्या स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये होते आणि दर गणपतीत एक नाटक बसवत. लिहीतही स्वतःच. प्रत्येक नाटकात एक इन्स्पेक्टर हमखास असे, कारण मंडळाच्या पेटीत धड उरलेला पोशाख तेवढा एकच होता.

आमची नटमंडळी म्हणजे आनंदच. कुणी पहिल्या पाळीत, कुणी रात्रपाळीत. तालमीला नवरा आला की बायको ड्यूटीवर. वाक्य मराठीत सुरू करायचे आणि हिंदीत उतरायचे. प्रेक्षक तर त्यांच्यावर वरताण. इथल्या मराठी माणसाचं नाट्यप्रेम मध्यंतरातल्या आलुबोंड्यापर्यंत टिकतं, मग त्याला घरची कामं आठवतात. या सगळ्यांना काकांनी एकच नियम घोकवला होता, तोही प्लांटमधलाच. तिथे पाळी संपली तरी पुढचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येईपर्यंत मशीन सोडता येत नाही. "स्टेजवरबी तसंच. रिलीवर आल्याबिगर जागा सोडाची नाही. स्टेज खाली दिसलं का पब्लिक उठलं समजा."

एका वर्षी अध्यक्षांनी बजावलं, मध्यंतरानंतर पब्लिक बसलं नाही तर पुढच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा. नाटकाच्या दिवशी या गृहस्थांना स्वतःच्या भाषणाखेरीज काहीच ऐकू येत नसे, पण निकाल तेच देणार होते. काकांनी जीव ओतून शोकांतिका लिहिली. निरपराध बापाला इन्स्पेक्टर पकडून नेतो आणि मुलगी एकटी उरते. बाप झाले कोक ओव्हनमधले उरकुडे, इन्स्पेक्टर झाले टेंभरे आणि मुलगी मी.

रविवारी दुपारी चारला पडदा उघडला. टेंभऱ्यांची पाळी दोनलाच संपली होती, पण त्यांचा रिलीव्हर उगवला नव्हता. मध्यंतर झालं, आलुबोंडे संपले, तरी इन्स्पेक्टर प्लांटमध्येच. स्टेजवर उरकुडे एकटे अटकेची वाट बघत होते. काका विंगेतून त्यांना आत बोलावत होते, पडदा पाडतो म्हणून खुणावत होते, पण उरकुडे नियमाचे पक्के. त्यांनी पेपरची घडी घातली, खोली झाडली, रिकाम्या कपातला चहा दोनदा प्यायला आणि शेजाऱ्याच्या बकरीविषयी बोलू लागले, निम्मं हिंदीत.

दहा मिनिटांनी टेंभरे धापा टाकत शिरले. अंगावर इन्स्पेक्टरचा पोशाख, डोक्यावर प्लांटचं हेल्मेट. त्यांनी तोंड उघडायच्या आत उरकुडे म्हणाले, "आला का? सब ठीक है. चल, मी निघतो." आणि निघालेच. वीस वर्षांची सवय ती, पाय आपोआप चालू लागले.

आता इन्स्पेक्टर होता, पण पकडायला कुणी नव्हतं. काकांनी मला पुढे ढकललं. "जाय. आता तूच गुन्हेगार." मला अटक झाली. हॉलमध्ये सगळी प्लांटचीच माणसं, हसून हसून त्यांची पुरेवाट झाली आणि शेवटपर्यंत एकही जण उठला नाही. अध्यक्षांनी भाषणात या उत्कृष्ट विनोदी नाटकाचं कौतुक केलं आणि पुढच्या वर्षीचा ऑर्केस्ट्रा टळला.

काका कोपऱ्यात बसले होते. "कावून हसले ते? बाप चालला होता ना." मीही हसतच होते. त्यांचा तो चेहरा आठवला की अजून लाज वाटते.

पुढे काका निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं आणि भंडाऱ्याला गेले. जाताना तालमीची वही मला देऊ लागले. कुणाची पाळी कधी, कोण कुठल्या वाक्यात हिंदीवर घसरतो, सगळं तिच्यात लिहिलेलं होतं. "तू टायमावर येते. तूच सांभाळ." मी तेव्हा शाळेत शिकवत होते. म्हटलं, "बघू काका, शाळेचं काम फार असतं." शाळेचं काम किती असतं ते मला ठाऊक होतं.

त्यानंतर दोन वर्षं ते तालमींसाठी गाडीने भंडाऱ्याहून येत राहिले. गुडघे धरून जिना चढत, वही माझ्यापुढे ठेवत. "घेते का?" मी म्हणे, "बघू." ते वही परत पिशवीत टाकत.

तिसऱ्या वर्षी ते गेल्याची बातमी आली. आता गणपतीत ऑर्केस्ट्रा असतो आणि लोक आलुबोंडे खाऊन उठतात. शोकसभेत अध्यक्ष गळा काढून म्हणाले, काकांचा भिलाईवर फार जीव, म्हणून ते येत राहिले. काहीतरीच. काका त्यांच्या नियमाने थांबले होते. त्यांची रिलीव्हर मी होते आणि मंडळापासून दहा मिनिटांवर, रिसालीत, घरी बसले होते.