डांबर फासलेल्या तुळया

गच्चीवर कुणी डांबर तापवलं की मी अजूनही खिडक्या लावून घेते.

लढाईच्या दिवसांत पहिल्या बाळंतपणाला मी कर्जतला माहेरी होते. कोळसा मिळेना. शेजारीच वेगळं बिऱ्हाड केलेल्या दादानं पाडलेल्या गोदामाच्या, डांबर फासलेल्या तुळयांचे तुकडे आणून दिले. "सुकं लाकूड हाय गं, बाळाला शेक बसंल."

बाजेखालच्या शेगडीतून ओव्याच्या धुरीऐवजी कडवट, काळा धूर यायचा. बाळ खोकून खोकून निळं पडलं आणि गेलं. दृष्ट लागली, म्हणाले सगळे. दादा सगळ्यांत जास्त रडला.

सव्वा महिन्यानं त्याच्याकडे गेले. वहिनी तेच लाकूड अंगणात जाळून पाणी तापवत होती.

"चुलीत का नाय घालत?"

"लाकूड आनलं तवापासनं तुमचे दादाच म्हनतात, वन्सं. धूर इखारी हाय, घरात पोरं हायत."

तो वास आला की मला बाळाआधी दादाचं रडणं आठवतं.