अनपढ माँचं निवेदन

"ताई, तुम्ही बोलू नका. तुम्ही फक्त रडा."

खासदारांच्या ऑफिसातली मुलगी मला म्हणाली. दादरची, शिकलेल्या घरातली. साहेबांचे व्हिडिओ तीच काढायची. आवाज अगदी गोड.

"तुम्ही बोललात की पाठ केल्यासारखं वाटतं. आईचं दुःख दिसलं पाहिजे."

पाठ कशाला करू? मी निवेदन लिहून नेलं होतं. चार पानं, माझ्या अक्षरात.

नायगावच्या आमच्या चाळी पाडायला घेतल्या होत्या. अर्धी घरं संक्रमण शिबिरात गेली. मुलं कमी झाली म्हणून आमच्या मराठी शाळेचे वर्ग दुसऱ्या शाळेत हलवले. दोन मोठे रस्ते ओलांडून जायचं. माझी प्राजू तेव्हा आठवीत होती. त्याच शाळेत मीही शिकले. बाई माझे निबंध वर्गात वाचून दाखवायच्या. पुढे बारावी झाले, मग लग्न, मग हिंदमाताला साडीच्या दुकानात नोकरी. दिवसभर साड्या उलगडायच्या, परत घड्या घालायच्या. पण लिहायचं म्हटलं की चाळीतल्या बायका माझ्याकडेच यायच्या.

त्या चार पानांत मी लिहिलं होतं : "शाळा हलवली असं कागदावर आहे. पण मुलं कागदावरून चालत जात नाहीत. रस्त्यावरून जातात."

ऑफिसातल्या त्या मुलीने पानं घेतली. मोबाईल धरला. आणि मी रडले.

सांगायची लाज वाटते, पण रडले. वाटलं, रडून शाळा राहत असेल तर रडू. पहिल्यांदा पाणी येईना. दुसऱ्यांदा आलं. "परफेक्ट," ती म्हणाली.

साहेब लोकसभेत बोलणार म्हणून निरोप आला. आमच्या खोलीत टीव्हीसमोर बायका दाटीने बसल्या. साहेब उभे राहिले. नायगावचं नाव घेतलं. आमच्या शाळेचं नाव घेतलं. माझ्या अंगावर काटा आला. मग म्हणाले, "मेरे क्षेत्र की एक अनपढ माँ ने रोते हुए मुझसे कहा, बच्चे कागज़ पर चलकर स्कूल नहीं जाते."

बाकं वाजली.

शेजारच्या सुलभाकाकी ओरडल्या, "गो, ह्यां तर तूच लिवलंस!"

मी हसले. काय करणार? प्राजू हसली नाही. सगळ्या गेल्यावर तिने विचारलं, "आई, तू त्यांना सांगितलं नाहीस, तू शिकलीयस म्हणून?"

मी टीव्ही बंद केला.

त्या भाषणाला माझा रडण्याचा व्हिडिओ जोडला आणि सगळीकडे पाठवला. नव्या शाळेतही पोचला. तिथे प्राजूला कोणी ओळखत नव्हतं. आता सगळे ओळखायला लागले. दोन महिने ती तशीच जात राहिली. नववीत गेल्यावर एका सकाळी दप्तर खाली ठेवलं.

"मी नाही जाणार. पोरी मला अनपढ म्हणून हाक मारतात."

समजावलं. ओरडले. एकदा हात उगारला. ती गेली नाही. जिच्यासाठी शाळा मागायला गेले, तिचीच शाळा माझ्यामुळे सुटली.

पुढे शाळेचा प्रश्न मांडला म्हणून चाळीच्या पटांगणात साहेबांचा सत्कार झाला. मला स्टेजवर बसवलं. मंत्र्यांना द्यायला दुसरं निवेदन तयार होतं, टाईप केलेलं. एक कार्यकर्ता शाईचा पॅड घेऊन आला. मला काही न विचारता त्याने माझा अंगठा धरला.

मी हात ओढून घेतला.

"मी सही करते. आणि वाचल्याशिवाय करत नाही."

तो साहेबांकडे बघायला लागला. मी उठले. माईकसमोर गेले. "साहेब, लोकसभेतलं ते वाक्य माझं होतं. मी बारावी शिकलेय. तुम्ही मला अनपढ का म्हणालात?"

साहेब रागावले नाहीत. हसले. "ताई, भावना समजून घ्या. प्रश्न मांडला गेला, हे महत्त्वाचं."

"प्रश्न मांडलात. माझी मुलगी घरी बसली. ते कुठे मांडू?"

माईक बंद झाला. मी खाली उतरले. वाटलं, जिंकले.

सुलभाकाकी जिन्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, "बरा बोललंस. पण मी खरीच अडाणी आसंय. मगे माझा काय गो?"

तिथेच माझी मान खाली गेली. मी फक्त स्वतःला त्या शब्दातून सोडवलं होतं. काकींना त्यातच ठेवलं होतं. त्या पोरींनी हाक मारली म्हणून मला राग आला, पण मीही अडाणी माणसाला खालचंच समजत होते.

शाळा परत सुरू झाली नाही. वरून उत्तर आलं, विद्यार्थिसंख्या कमी आहे. कमी झालेल्यांत प्राजूही एक. बाहेरून दहावीला बसता येतं म्हणून सतरा नंबरचा फॉर्म आणला. तिने तो हातात घेतला नाही. माझ्याशी कामापुरतं बोलते.

आता रविवारी आम्ही बायका बसतो. काकी सांगतात ते मी त्यांच्याच बोलीत उतरवते, त्यांना वाचून दाखवते. चुकलं तर त्या खोडायला लावतात. खाली त्यांचं पूर्ण नाव, त्यांचा अंगठा. त्याच्या शेजारी माझी सही.

नवं निवेदन तयार आहे. त्याची पहिली ओळ अशी : "हे आमच्या नावांसकट वाचा. नावं गाळून वाचलंत, तर ते आमचं नाही असं आम्ही चारचौघांत सांगू."