भागरता हे नाव

भागरता म्हणजे भागीरथी, म्हणजे गंगा. डोंगर फोडत खाली आली ती नदी, आणि नाव लागलं तिला आणणाऱ्या राजाचं. या नावाचा अर्थ कोणी कौतुकाने सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं.

आमच्या करडी गावाकडे या नावाच्या बायका कमी नव्हत्या. एकीने दारूच्या दुकानावरून भर ग्रामसभेत सरपंचाला असं झापलं की तो खुर्ची सोडून निघून गेला. एक भाताच्या रोवणीच्या बायांची म्होरकी होती. तिने पाय टाकल्याशिवाय बांधीच्या चिखलात कोणी उतरत नसे. पण गावाच्या लक्षात राहिली ती माझी मोठी बहीण, कारण नवऱ्याचा मार सोसणं सोडून ती माहेरी परत आली. तेव्हापासून गावात कोणी पोरीचं नाव भागरता ठेवलं नाही.

यंदा भावाला मुलगी झाली. बारशात बाळाच्या कानात नाव सांगायचा मान मोठ्या आत्याचा. बहीण सकाळपासून नवी साडी नेसून बसली होती. पाळण्यापाशी मात्र वहिनीच्या आईने बाळ माझ्या हातात ठेवलं.

"तुमीच सांगा नाव. त्याइनं नको, नवरा सोडला हाय त्याइनं."

बहीण उठून स्वयंपाकघरात गेली. भाऊ पाळण्याशेजारीच फुगे बांधत होता. त्याने ऐकलं होतं, आणि तरी तो फुगेच बांधत राहिला. त्याने मोबाइलवर शोधलेलं बाळाचं गुळगुळीत नाव भिंतीवर चमकत होतं. त्याचा अर्थ त्यालाही सांगता येत नव्हता.

मला भयंकर संताप आला. बाळाच्या कानाशी वाकून मी 'भागरता' म्हटलं, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हटलं.

"काहून असं केलं वो ताई?" भाऊ म्हणाला.

वहिनीच्या आईने तर बाळ माझ्याकडून ओढूनच घेतलं. "असल्या बाईचं नाव! उद्या हे पोरगीही नवरा सोडून घरी येईन."

"येऊ दे," मी भावाकडे बघत म्हणाले. "तवा दार उघडं ठेवजो."

बहीण नवरा सोडून परत आली त्या दुपारी आई शेतातून येईपर्यंत ती अंगणात ट्रंकेवर बसून होती, आणि आतून कडी या भावानेच लावली होती.