आनंदानं रडते, असं मी सांगितलं

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर पापांची कबुली म्हणते, ओठ बरोबर हलतात, पण हे एक त्या ओळींत कधी बसलं नाही – की मीच बसू दिलं नाही? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये. तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठून स्वयंपाकघरातली घासलेली भांडी पुन्हा घासली.

आधी सोपं सोपं सांगते. मी डहाणूत प्राथमिक शिक्षिका, नवरा रेल्वेत. माहेर नगरकडचं, आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती. वडील इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे माझं इंग्रजी चांगलं, आणि त्याचा मला गर्व होता – होता कशाला, आहे. २०१४च्या दिवाळीनंतर न्यूझीलंडहून रूथ आणि डेव्हिड हे साठीचं जोडपं आमच्याकडे आलं, तेव्हा दुभाषी म्हणून चर्चच्या कमिटीने माझंच नाव पुढे केलं. दर शनिवारी डहाणूहून तलासरी, तिथून हायवे सोडून आत एका पाड्यावर. डेव्हिड मुलांना इंग्रजी शिकवायचे, रूथ बायकांना शिवण. शिवण आटपलं की अर्धा तास येशूच्या गोष्टी. दर वर्षी चार-पाच महिने राहायचे, नाताळ इथेच करायचे. मी तिला तोंडावर रूथताई म्हणायचे. इंग्रजीत अहो-जाहो नाही, म्हणून मनात मात्र तिला एकेरीच ठेवलं.

नाताळला घर सोडून इतक्या लांब यायचं, तेही दर वर्षी – आमच्या लोकांना याचं फार अप्रूप. ओळख करून देताना मी दर वेळी म्हणायचे, स्वतःचा सण सोडून या आपल्यासाठी आल्या आहेत. टाळ्या पडायच्या. रूथ विचारायची, तू काय सांगितलंस? मी म्हणायचे, स्वागत केलं.

दुभाष्याचं काम कसं चालतं, ठाऊक आहे ना? ती दोन वाक्यं बोलणार आणि थांबणार, मग मी दोन बोलणार. माझ्या दोनाची हळूहळू तीन झाली, तीनाची पाच. ती म्हणायची, देव आजारपणात आपल्यासोबत असतो. मी म्हणायचे, देव आजार पळवून लावतो. खोटं होतं का ते? तेव्हा मला वाटायचं, मी नुसतं चवीपुरतं मीठ घालतेय. बायकांचे चेहरे खुलायचे आणि ते माझ्या वाक्यांवर खुलायचे, तिच्या नाही. ते मला आवडायला लागलं.

त्या बायकांत लखमी होती. दाराजवळच्या मशिनवर बसायची, पन्नाशीची, नवरा कधीच वारलेला, एकच मुलगी – सुमन. सुमन घोलवडला चिकूच्या पॅकिंगला जायची, सकाळी टेम्पोत बसून जायची आणि अंधार पडायच्या आत यायची. हायवेवर ट्रक कसे सुटतात ते तुम्ही पाहिलं असेल. एकदा लखमीने मला विचारलं, तुमचा देव वाटेवरच्या पोरींना सांभाळतो का? रूथ चार हातांवर मशिनमध्ये दोरा ओवत होती. तिला विचारायला काय हरकत होती? मी विचारलं नाही. मीच सांगून टाकलं – या बाईच्या प्रार्थनेत ताकद आहे, तिच्या घरात आजवर कुणाच्या केसालाही धक्का लागलेला नाही.

मला तिच्या घरातलं काहीच माहीत नव्हतं. ठोकून दिलं.

पुढच्या पावसाळ्यात तो टेम्पो उलटला. सुमन गेली. रूथ आणि डेव्हिड तेव्हा त्यांच्या देशात होते. पाड्यातल्या बायका लखमीकडे रोज जाऊन बसायच्या, काही न बोलता, कामं टाकून. मी दोनदा गेले. दिवाळीनंतर रूथ आली, तेव्हाही त्या बायका रविवारी लखमीच्या ओट्यावर बसलेल्या असत, आणि रूथ त्यांच्यात जाऊन बसली. भाषेची गरज नव्हती, म्हणून मला कुणी बोलावलं नाही. शनिवारी लखमी पुन्हा मशिनवर यायला लागली. आणि आता ती रूथकडे बघायची ती कशी? – जिच्या घरी काहीच होत नाही, अशा बाईकडे बघावं तशी. तिची प्रार्थना पोचते, आपली पोचत नाही. हे तिच्या डोक्यात कुणी घातलं होतं?

त्याच हिवाळ्यात घोलवडला चिकू घेताना रूथने मला तिच्या मुलाचं सांगितलं. टॉम. चोवीस वर्षांचा. त्यांच्याकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो, सगळे समुद्रावर जातात. नाताळच्या दोन दिवस आधी तो पोहायला गेला आणि आलाच नाही. म्हणून आम्ही डिसेंबरात घरी थांबत नाही, म्हणाली. सेवा वगैरे ठीक आहे, पण खरं म्हणजे आम्ही त्या घरातून पळतो. मी पिशवी धरून उभी होते. मला तिची दया यायला हवी होती ना? आधी मनात आलं ते वेगळंच. हे लखमीला कळलं तर माझं काय?

मी लखमीला सांगितलं नाही. एक अख्खं वर्ष.

मग २०१६चा नाताळ. पाड्यात मांडव, डहाणूहून कमिटीची माणसं खुर्च्यांवर, बायका ताडपत्रीवर. कुणीतरी बाळ येशूच्या गव्हाणीवर कापसाचा बर्फ पसरला होता, रूथला दर वर्षी त्याचं हसू यायचं. त्या दिवशी हसली नाही. सकाळीच मला म्हणाली, आज मी येशूजन्माची, मेंढपाळांची गोष्ट नाही सांगणार, माझी सांगणार. मी म्हटलं, आज नको, सणाचा दिवस आहे. ती म्हणाली, आजच. मला तिचा इतका राग आला – सांगायचंच होतं तर शिवणाच्या वर्गात सांगायचंस, ही माणसं समोर बसवून कशाला? आजही कधीकधी तो राग येतो, आणि मग स्वतःचा येतो, आणि मग हातातलं काम आपटत राहते.

ती उभी राहिली. दोन वाक्यं बोलायची, थांबायची. ती म्हणाली, माझा मुलगा समुद्रात गेला, दोन दिवस आम्ही किनाऱ्यावर गुडघे टेकून प्रार्थना करत होतो. मी सांगितलं, मेंढपाळ रानात कळप राखत होते. ती म्हणाली, आम्ही जे मागितलं ते मिळालं नाही, का ते मला आजही कळत नाही. मी सांगितलं, देवदूताने सांगितलं, भिऊ नका. ती म्हणाली, मी देवावर रागावलेली आहे, तरी त्याच्याच शेजारी बसून आहे. या पाड्यात एका आईजवळ बसले, तेव्हा मला हे बोलायचं बळ आलं. मी सांगितलं, सगळ्या लोकांना मोठा आनंद झाला. सगळं पाठ होतं मला. आवाज जरासुद्धा हलला नाही. कमिटीची माणसं इंग्रजी समजल्यासारखी माना डोलावत होती, खरं तर त्यांना माझं मराठीच कळत होतं.

रूथ रडायला लागली. पदर नव्हता, म्हणून हाताने डोळे पुसत होती.

ताडपत्रीवरून लखमी बोलली, सगळ्यांसमोर.

"बाई रडं कशाला?"

मी म्हटलं, "आनंदानं रडते."

"आनंदानं अशी कोन रडत नाय. तिचं कोन मेलं काय?"

"कोणी नाही मेलं. बस खाली."

ती उठू लागली होती, हे मी पाहिलं होतं. एक हात जमिनीवर टेकून, गुडघा वर घेऊन. ती खाली बसली. आणि रूथने मला विचारलं, ती काय म्हणतेय? तिचे डोळे लखमीवरच होते. ती वाट बघत होती. एका आईने दुसऱ्या आईला काय विचारलं असेल, ते तिला अर्धं कळलंच होतं.

मी म्हटलं, जेवण कधी, असं विचारतेय.

हे ते. याच्यापुढे लिहायला मला अर्धा तास लागला.

रूथने लखमीकडे पाहिलं, मान हलवली आणि म्हणाली, बरोबर आहे, उशीर झालाय, वाढूया. मग तिने स्वतः पत्रावळी वाटल्या. लखमीच्या पानात तिने कोंबडीच्या रश्श्याचा एक डाव जास्त घातला. लखमीने अर्धं तसंच ठेवलं.

परतताना जीपमध्ये रूथ म्हणाली, कुणीच काही बोललं नाही. सुमन गेली तेव्हा सगळ्या जाऊन बसल्या होत्या, मला वाटलं – आणि मग थांबली. म्हणाली, त्यांच्या दुःखापुढे माझं सांगायला नको होतं, मला तो हक्क नव्हता. तेव्हा तरी? जीपमध्ये आम्ही दोघीच होतो, पुढे ड्रायव्हर आणि पेंगणारे डेव्हिड. कमिटी नव्हती, लखमी नव्हती. मी म्हटलं, इथल्या बायकांना असं बोलून दाखवायची सवय नाही.

नंतर दोन वर्षं ते आले. रूथ शिवण शिकवायची, गोष्टी पुस्तकातल्याच सांगायची, स्वतःचं एक अक्षर नाही. लखमी शिवण झालं की गोष्टीआधी उठून जायची. रूथ तिच्या पाठीकडे बघायची, आणि मी पुस्तकाचं पान शोधायचे. या वर्षाच्या सुरुवातीला ते कायमचे परत गेले. निरोपाच्या भाषणाचा अनुवाद मीच केला. शब्दाला शब्द, एकही जास्त नाही. आता त्याचा काय उपयोग होता?

गेल्या महिन्यात तलासरीच्या बाजारात लखमी भेटली. सुकट घेत होती. तिने विचारलं, गोरी बाई परत नाय येत? मी म्हटलं, नाही येत. तिने सुकटीची पुडी पिशवीत ठेवली, पिशवीची गाठ मारली आणि म्हणाली, "त्या नाताळला मी उठून तिच्याजवल बसनार होती. तू बोललीस आनंदानं रडते. मंग मी बसली खाली."

तिने मला दोष दिला नाही. विचारलंही नाही की खरं काय होतं. तिला माहीत आहे का? मला नाही सांगता येणार. मी तिला तेव्हाही सांगितलं नाही. बस आली म्हणून मी निघाले. बस माझी नव्हती, वापीला जाणारी होती, पुढच्या अच्छाडच्या थांब्याला उतरून मी उलट्या बसने घरी आले.

परवा रूथचं नाताळचं कार्ड आलं. डेव्हिड आता काठी घेऊन चालतात. नाताळ ते आता घरीच करतात. शेवटी तिने दर वेळेसारखं विचारलंय, लखमी कशी आहे. माझ्याकडे रूथचा पत्ता आहे, फोन नंबर आहे. लखमीचं घर मला माहीत आहे, डहाणूहून दीड तासावर.

मी उत्तर लिहिलं, लखमी बरी आहे. काल पोस्टात टाकलं.