पुचकारल्यावर पळणारा घोडा

मी दारव्हा सोडलं त्या दिवशी मला पोचवायला बसस्टँडवर एक नटलेली घोडी आली होती. लग्नसराईचे दिवस. बाबांना दुपारची वरात होती आणि माझी नागपूरची गाडीही दुपारचीच. वरात सोडता येईना, पोरीला पोचवणं सोडवेना. म्हणून बाबांनी आमच्या चांदणीला घरूनच जरीची झूल, डोक्यावर तुरा, पायांत घुंगरू असं सगळं चढवलं आणि तिला थेट स्टँडवर घेऊन आले. लोकांना वाटलं, नवरदेव एसटीनं येतो आहे. पानठेल्यावरच्या एकानं विचारलंच, "कोनाची वरात हाय, काका?"

"माह्या पोरीची," बाबा म्हणाले. "विमानात बसून चालली."

आईनं पदर डोळ्यांना लावला होता आणि मला रडावं की हसावं ते कळत नव्हतं. गाडी निघाली तेव्हा बाबा खिडकीशी आलेच नाहीत. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तशी चांदणी बिचकली, आणि बाबा तिच्या कानाशी तोंड नेऊन तिला पुचकारत राहिले. पुच्, पुच्. त्यांनी मला हात केला की नाही, मला दिसलं नाही. निरोप म्हणून तेवढा आवाज माझ्याबरोबर आला.

तुम्ही जे तिकडेच राहिलात, त्यांना हा आवाज सांगायची गरज नाही. वरातीत फटाक्यांची लड लागली, बँडवाल्यानं ट्रम्पेट अगदी घोडीच्या कानात वाजवलं, की बाबा असेच पुचकारायचे आणि चांदणी जागच्या जागी गार. वरचा नवरदेव फेटा सावरत देवाचे आभार मानायचा, खरं तर मानायला हवे होते बाबांचे. बैल असो, गाय असो, पाळण्यातलं लेकरू असो, आपल्याकडे त्या आवाजाचा एकच अर्थ. थांब, भिऊ नको, मी आहे.

चांदणीला मी धुतलं, चारा घातला, हरभरा भिजवून खाऊ घातला, तिच्या आयाळीच्या वेण्या घातल्या. तिच्यावर बसले मात्र कधीच नाही. "घोडीवर नवरदेव बसते," बाबा म्हणायचे. "पोरगी बसली तं लोकं हासतीन." अख्ख्या तालुक्याचे नवरदेव आमच्या घोडीवर बसून गेले, त्यांत काहींना तर सायकलही धड येत नव्हती. मी खालीच राहिले, लगाम धरून.

आणि तुम्ही जे माझ्यासारखे बाहेर पडलात, पुण्याला, दुबईला, कुठे कुठे, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. मी नर्स होऊन आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका लहानशा गावात आले. इथे धुकं असतं, दगडी कुंपणं असतात आणि सगळं इतकं हिरवं असतं की आपल्याकडच्या काळ्या रानाची सवय झालेल्या डोळ्यांना पहिले काही आठवडे हे खोटंच वाटतं. सकाळी खिडकीतून पाहावं तर शेतं, मेंढ्या, चर्च सगळं अर्धवट पुसलेलं. मीही त्यात अर्धवट पुसली गेल्यासारखी वावरत होते.

इंग्रजी मला येत होतं, पण इथलं नाही. वॉर्डातली म्हातारी माणसं प्रेमानं काहीतरी बोलायची आणि मी हसून मान हलवायची. हसून मान हलवणारी नर्स किती दिवस चालणार? मला कामाची भीती वाटायला लागली. सुई टोचणारा माझा हात, ज्याचं यवतमाळच्या दवाखान्यात सगळे कौतुक करायचे, तो आता सलाईन लावताना दोनदा थबकायचा. मी बोलणं कमी केलं, मग जवळजवळ बंदच केलं. शेवटी एका रविवारी घरी फोन लावला आणि सांगून टाकलं, "बाबा, मी वापस येतो." (घरच्यांशी बोलताना माझ्या तोंडी अजूनही 'येतो-जातो'च येतं, त्याला इलाज नाही.)

मला वाटलं, बाबा रागावतील, नाहीतर लगेच ये म्हणतील. त्यांनी भलतंच विचारलं.

"तिथं घोडे हायत का?"

"हायत ना. जिकडे पाहा तिकडे घोडेच."

"मंग येच्या आंधी एकदा बसून पाह्य. इथं मी तुले बसू नाई देलं." मग म्हणाले, "ये बाई, घर तुयंच हाय. पन बसून ये."

माझे बाबा चूक झाली असं आयुष्यात कुणाला म्हणालेले नाहीत. त्या दिवशी ते जेवढं बोलले, तेवढ्यानं मला भरून आलं. मी ठरवलं, त्यांच्यासाठी घोड्यावर बसायचं आणि मग सामान बांधायचं.

गावाबाहेर एक रायडिंग स्कूल आहे. तिथे ईफा नावाची, माझ्याहून लहान, लालसर केसांची मुलगी शिकवते. तिनं मला डेझी दिली. डेझी म्हणजे घोडी कसली, सोफाच तो. रिंगणात आपल्या आपण फिरायची, कंटाळा आला की थांबायची. मी वर बसले आणि धुक्यात गोल गोल फिरत राहिले. पुन्हा एका रविवारी गेले, मग आणखी एका. सामान बांधणं पुढे ढकललं जात होतं, रद्द झालं नव्हतं. डेझीवर मला भीती वाटत नव्हती, पण तिच्यावर तर कुणालाच वाटली नसती.

मग एक दिवस डेझीचा पाय दुखावला. ईफानं रिंगणात मर्फीला आणलं. काळपट, उंच, कान सतत हलते, डोळ्यांत प्रश्न. मी मनात म्हटलं, हा आपला नाही. मी तसं ईफाला सांगायला तोंड उघडलं, आणि गेले कित्येक आठवडे व्हायचं तेच झालं. शब्द निघालाच नाही. तिनं माझा पाय रिकिबीत ठेवला आणि मी वर होते.

थोडा वेळ बरं चाललं. मर्फीची चाल वेगळी, पाठ वेगळी, श्वाससुद्धा वेगळा. रिंगणाच्या कोपऱ्यात कुंपणाला अडकलेलं एक प्लास्टिक वाऱ्यानं फडफडलं. मर्फी बिचकला. मी त्याच्या मानेवर वाकले आणि बापाच्या पोरीनं जे करायचं ते केलं. पुच्, पुच्.

मर्फी सुटला!

साधा नाही, उड्या घेत पळत सुटला. मी घाबरून आणखी पुचकारलं. तो आणखी जोरात. मी जितकं 'भिऊ नको, थांब' म्हणावं तितका तो जीव तोडून पळे. ईफा मधोमध उभी राहून काहीतरी ओरडत होती, तेही मला कळेना. दुष्काळात तेरावा महिना! रिंगण, कुंपण, मेंढ्या, सगळं एकमेकांत मिसळून वाहायला लागलं.

आणि माझं तोंड उघडलं. इंग्रजी नाही, पुस्तकी मराठीही नाही. "अबे काहून पळून राह्यला रे! थांब ना बाप्पा! कोनी मागं लागलं का तुह्या?" मी मोठमोठ्यानं बोलत राहिले. बोलता बोलता पुचकारणं थांबलं, इतका वेळ आवळून धरलेला श्वास सुटला, पाठ सैल झाली, बूड खोगिरात नीट बसलं. मर्फीला वऱ्हाडी कळत नव्हती, पण माझी पाठ कळत होती. तो हळूहळू दुडक्या चालीवर आला, मग चालायला लागला, मग उभा राहिला. धुकं तसंच होतं. त्याच्या अंगातून वाफ निघत होती आणि त्या वाफेला चांदणीसारखाच वास होता.

ईफा धावत आली. त्या आवाजाचा अर्थ या तबेल्यात 'पळ' असा होतो, हे तिनं मला तेव्हा सांगितलं. घोड्याला पळवायचं असलं की इथे पुचकारतात! मी अशी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या हसण्यात मी तिला बाबांचं, वरातीचं, फटाक्यांचं सगळं सांगितलं. तिला कळत नव्हतं तिथे ती "पुन्हा सांग" म्हणायची. मी पुन्हा सांगायची. 'पुन्हा सांग' म्हणण्यात कमीपणा नसतो, हे त्या पोरीचं ऐकून मला कळलं.

"मर्फीला आत नेऊन बांधू?" तिनं विचारलं.

"नको," मी म्हटलं. लगाम नीट धरला, पाठ सरळ केली आणि या खेपेला मुद्दाम, जाणूनबुजून, पुचकारलं. मर्फीनं वेग घेतला. किती फेऱ्या झाल्या ठाऊक नाही. डोळ्यांसमोर एकदा हिरवं यायचं, एकदा आपल्याकडचं फुटलेल्या कापसाचं पांढरं रान, आणि खरं सांगते, मी कुठे आहे हे ठरवायची मला काही घाई नव्हती.

वॉर्डात दुसऱ्या दिवशी चमत्कार झाला नाही. एका आजोबांचं बोलणं कळलं नाही, तर मी त्यांना म्हटलं, "पुन्हा सांगा." त्यांनी सांगितलं. तेही कळलं नाही. तिसऱ्यांदा कळलं, त्यांना फक्त चहा हवा होता.

रविवारी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. ते फोन इतका जवळ धरतात की मला कानच दिसतो. मी त्या कानाला सगळी हकिकत सांगितली. बाबा पोट धरून हसले. "आपन थांब म्हनतो, तं ते पळ समजते!" मग हसू ओसरलं आणि त्यांनी विचारलं, "बसनं झालं. मंग कधी येतं?"

"उन्हाळ्यात येतो, बाबा," मी म्हटलं. "सुट्टी घेऊन."

"सुट्टी घेऊन?"

"हो."

कान हलला, भिंत दिसली. ते आईकडे वळून म्हणाले, "अवो, आयकलं का? पोट्टी आता पाव्हनी म्हून येऊन राह्यली." आवाज हसरा होता, पण शेवटाला जरा फाटला. मलाही तो शब्द लागला. इथे मी बाहेरची, तिथे पाहुणी, मग माझं घर म्हणावं तरी कशाला?

तेवढ्यात मागून, भांड्यांच्या आवाजातून आईचं ऐकू आलं. "पाव्हनी कायची? आली का पयले पोळ्या लाटाले बसवतो तिले."

त्यालाच मी घर म्हणते.